वेदीसाठी फुलबाग : आगमनकाळ ते ख्रिस्तराजा, एका उपासना वर्षाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

वेदी सजावटीचे काम करणाऱ्या इतर धर्मग्रामांतील (पॅरिशमधील) मंडळींना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहोत. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या चर्चमागे, दफनभूमीच्या कुंपणाला लागून, सुमारे दोन गुंठे जमीन पडून होती. तिच्यात पूर्वी कोणीतरी लावलेली मोगऱ्याची चाळीसेक झुडपे, जास्वंदीची काही झाडे, एक सोनचाफा आणि भरपूर गवत एवढेच होते. वेदीची फुले आजवर दादरच्या फूलबाजारातून येत, आणि नाताळ, ईस्टर व चर्चचा सण मिळून वर्षाला बावीस हजार रुपयांच्या आसपास खर्च होई. येत्या आगमनकाळापासून (नाताळापूर्वीचे चार आठवडे) पुढच्या ख्रिस्तराजाच्या सणापर्यंत (उपासना वर्षाचा शेवटचा रविवार) शक्य तेवढी फुले याच जागेत पिकवावीत, हा प्रस्ताव फादरांनी मान्य केला असून शेणखत, लाल माती, ठिबकची नळी, रोपे व बियाणे यांसाठी पंधरा हजार रुपये मंजूर झाले आहेत.

काम वाटते तितके सोपे नाही, कारण बाजारासाठी फुले पिकवणाऱ्याला एकच पंचांग सांभाळावे लागते आणि आम्हाला दोन. झाडाचे पंचांग पाऊस, थंडी आणि उन्हावर चालते. चर्चचे पंचांग नाताळाच्या ठरलेल्या तारखेभोवती आणि ईस्टरच्या सरकत्या तारखेभोवती फिरते, आणि कोणत्या काळात वेदीजवळ फूल असावे व कोणत्या काळात असू नये हेही तेच ठरवते. रोमन मिस्साग्रंथाच्या (मिस्सा म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना) सर्वसाधारण सूचनांमधील परिच्छेद ३०५ याबाबत स्पष्ट आहे : आगमनकाळात सजावट बेताची असावी, उपवासकाळात (ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस) वेदीला फुले नसावीत, आणि या बंदीला अपवाद फक्त चौथ्या रविवारचा, महोत्सवांचा व सणांचा.

झेंडूचे बी आज वाफ्यात टाकले. शेजारच्या अनुभवी बागायतदार काकांच्या मते ते गणपती उठताच टाकायला हवे होते.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

झेंडूची रोपे वाफ्यातून काढून सऱ्यांवर लावली. काल मृतविश्वासूंच्या दिवशी थडग्यांवर घातलेला सारा झेंडू विकतचा होता, आणि त्याचे सुकलेले ढीग आज कंपोस्टच्या खड्ड्यात गेले. निदान तेवढा तरी बागेला उपयोग.

शेवंतीची रोपे मात्र फसली. चर्चच्या विहिरीचे पाणी समुद्र जवळ असल्याने मचूळ आहे. मोगरा आणि झेंडू ते कसेबसे सहन करतात, पण शेवंतीच्या पानांच्या कडा आठवडाभरात करपल्या. पावसाळ्यात छपराच्या पागोळीचे पाणी ज्या टाकीत साठवले होते त्या टाकीचे पाणी आता फक्त शेवंतीला द्यायचे ठरले असून उरलेली रोपे कुंड्यांत हलवली आहेत. निम्मी रोपे गेली. किनाऱ्यालगतच्या धर्मग्रामांनी पाण्याची चव घेतल्याशिवाय शेवंतीवर पैसे घालू नयेत.

१ डिसेंबर २०२४, आगमनकाळाचा पहिला रविवार

वेदीजवळ आज फक्त आगमनचक्र, म्हणजे हिरव्या फांद्यांचे व मेणबत्त्यांचे चक्र, आहे. त्यासाठी किनाऱ्यावरच्या सुरूच्या गळून पडलेल्या फांद्या वापरल्या. सुरू दिसायला देखणा असला तरी चार-पाच दिवसांत वाळतो, त्याच्या सुया गळतात, आणि जळत्या मेणबत्तीखाली वाळलेला सुरू म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून मेणबत्त्या पितळी वाट्यांत उभ्या केल्या आणि फांद्या दर शनिवारी बदलायचे ठरवले.

खरा प्रश्न मोगऱ्याचा आहे. आमच्याकडे मोगऱ्याचा भर फेब्रुवारीअखेरीपासून मे महिन्यापर्यंत असतो. यंदा राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाची सुरुवात, ५ मार्चला आणि ईस्टर २० एप्रिलला आहे, म्हणजे बागेत जे दिवस सर्वाधिक फुलांचे, नेमक्या त्याच दिवसांत वेदी उघडी असणार. मोगऱ्याला छाटणीनंतर बहर येतो आणि छाटणी जितकी उशिरा तितका बहर उशिरा, असे काकांचे म्हणणे. त्यामुळे निम्मी झुडपे याच आठवड्यात नेहमीप्रमाणे छाटायची आणि उरलेली निम्मी जानेवारीच्या मध्यापर्यंत तशीच ठेवून, पाण्याचा ताण देऊन, मग छाटायची, म्हणजे त्यांचा बहर ईस्टरच्या सुमारास यावा, असा बेत आहे.

१५ डिसेंबर २०२४

आनंदाचा रविवार, आगमनकाळाचा तिसरा. गुलाबी मेणबत्ती, आणि तिच्या पायाशी गुलाबी बोगनवेलीची एक फांदी. एवढेच पुरेसे होते.

२६ डिसेंबर २०२४, गुरुवार

नाताळाला झेंडू फुलला नाही. कळ्या टपोऱ्या आहेत, पण एकाही फुलाने रंग दाखवला नाही. कारणे दोन : बी उशिरा पडले, आणि रोपे दाट व्हावीत म्हणून नोव्हेंबरमध्ये शेंडे खुडले, ज्याने झुडूप भरते खरे पण बहर आणखी दहा-बारा दिवस पुढे जातो. ऐनवेळी दादरहून साडेतीन हजार रुपयांची फुले आणावी लागली. वेदी सजावट मंडळाच्या सभेत यावर बोलणी बसली ती योग्यच होती.

दुसरे नुकसान याहून अधिक टिकाऊ आहे. फुले खोचण्याचा हिरवा स्पंज प्लास्टिकचा असतो आणि वापरानंतर कचऱ्यातच जातो, म्हणून त्याऐवजी केळीच्या खुंटाचे तुकडे वापरण्याची कल्पना निघाली. केळी आमच्याकडे दारोदारी आहेत आणि खुंटात फुलांचे देठ ताजे राहतात. परंतु खुंट मिस्साच्या दोन तास आधी तोडला होता, त्याचा चीक थेंबाथेंबाने वेदीवस्त्रावर उतरला, आणि केळीच्या चिकाचा डाग कोणत्याही साबणाला दाद देत नाही हे वसईच्या माणसाला सांगायला नको. लिंबू, मीठ, ऊन, सगळे करून झाले. वस्त्र आता रोजच्या मिस्सासाठी उलटे घालून वापरतो. उपाय दोन आहेत : खुंट आदल्या दिवशी तोडून उभा ठेवावा, म्हणजे चीक निथळून जातो, आणि रचना परातीत करावी. तिसरा उपाय त्या परिच्छेद ३०५ मध्ये आधीच लिहिलेला होता : फुले वेदीच्या मेजावर न ठेवता तिच्या भोवती ठेवावीत. तो परिच्छेद पाळला असता तर डाग फरशीवर पडला असता.

५ जानेवारी २०२५, प्रकटीकरणाचा सण

झेंडू आज भरभरून फुलला आहे. गावातील गोठे उतरले, तारे काढले गेले, लोकांच्या दृष्टीने नाताळ संपून दहा दिवस झाले. पण पूर्वेकडचे ज्ञानी आजच गोठ्यापाशी पोहोचतात, आणि नाताळकाळ पुढच्या रविवारी, १२ जानेवारीला, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. वेदीच्या दोन्ही अंगांना केशरी-पिवळ्या फुलांचे ढीग लावले. मिस्सानंतर बऱ्याच जणांनी विचारले की आज काय विशेष आहे. हा प्रश्न विचारावा लागतो ही आमच्या धर्मग्रामाची जुनी अडचण आहे, आणि मोकळेपणाने सांगायचे तर वेळेवर फुललेल्या झेंडूने ती उघड झाली नसती.

१९ जानेवारी २०२५

उशिराच्या निम्म्या मोगऱ्याची आज छाटणी केली. सर्व पाने काढली, वाळक्या फांद्या तोडल्या, बुंध्याभोवती आळे करून शेणखत घातले. हात ओरबाडले गेले. हातमोजे घ्यावेत, खर्च शंभर रुपये.

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

जपानी हुतात्म्यांचे स्मरण. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर चढवलेल्या सव्वीस जणांत वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया होते, त्यामुळे आमच्याकडे हा दिवस घरचा. रंग लाल, म्हणून जास्वंद. पहाटे तोडलेली जास्वंद सकाळच्या मिस्साला उत्तम दिसली आणि संध्याकाळच्या मिस्साला मिटून लोंबत होती. जास्वंद एका दिवसाचे फूल आहे. दोन मिस्सा असतील तर दुसऱ्या मिस्साच्या कळ्या झाडावरच ठेवून दुपारनंतर तोडाव्यात.

९ फेब्रुवारी २०२५

रात्रभर जाळी टाकून काहीही न मिळालेल्या पेत्राचे शुभवर्तमान. प्रवचनाच्या वेळी मन बागेत होते. लवकर छाटलेल्या मोगऱ्यावर पहिल्या कळ्या आल्या आहेत, म्हणजे आमच्या अंदाजाच्या आधी.

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

रविवारी लोकांनी गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या आणून दिल्या. बहुतेकांनी त्यांचे छोटे क्रूस विणून वर्षभर घरातील तसबिरीमागे खोचून ठेवले होते. आज कपाळावर लावायच्या राखेसाठी सोमवारी लोखंडी घमेल्यात त्या जाळल्या. करू इच्छिणाऱ्यांसाठी काही गोष्टी : नारळाचा हीर पूर्ण जळत नाही, त्यामुळे हीर काढून फक्त पाती जाळावीत, राख थंड झाल्यावर आधी चाळणीतून आणि मग मलमलच्या कापडातून गाळावी, आणि राखेत पाणी कधीही घालू नये, कारण ओली राख क्षारयुक्त होऊन कपाळाची कातडी भाजते. चिकटपणा हवा असेल तर खोबरेल तेलाचे थेंब पुरतात.

आजपासून वेदीला फूल नाही. आणि आज सकाळी लवकरच्या झुडपांवरून पसाभर मोगरा निघाला.

१२ मार्च २०२५, बुधवार

पसाभर मोगऱ्याची आता टोपली झाली आहे आणि त्यावरून वाद झाला. मंडळातील ज्येष्ठ मावशींनी मारियेच्या पुतळ्याला वेणी घातली. ती काढावी असे काहींचे मत पडले तेव्हा त्यांनी विचारले, "फूल झाडावर सुकून गेलेले देवाला चालते, आणि आईच्या पायाशी ठेवलेले चालत नाही?" प्रश्न बिनतोड होता. नियम वेदीच्या सजावटीचा आहे, मावशींचा नवस त्यांचा स्वतःचा आहे, आणि फादरांनी वेणी राहू दिली. पण टोपलीचा प्रश्न उरलाच.

माझे मत त्या सभेत असे होते की उपवासकाळात वेदी उघडी ठेवण्याचा अर्थ फुलांवर राग धरणे असा होत नाही. वर्षभर जे सहज हाताशी असते ते आपण होऊन बाजूला ठेवायचे, एवढेच चर्च सांगते. शिवाय या काळाची शिकवण प्रार्थना, उपवास आणि दान अशी तिहेरी आहे, आणि आमच्या बागेने पहिल्या दोहोंत भाग घ्यायचे कारण नसले तरी तिसऱ्यात घ्यायला काय हरकत आहे. ठरले असे की उपवासकाळातील सर्व मोगरा गजरे करणाऱ्या गावातील बायकांना बाजारभावापेक्षा कमी दराने द्यायचा, मिळालेली रक्कम उपवासकाळाच्या दानपेटीत टाकायची, आणि आजाऱ्यांना घरोघरी ख्रिस्तप्रसाद नेणाऱ्या सेविकांसोबत प्रत्येक घरी ओंजळभर कळ्या पाठवायच्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी मोगरा ठेवण्यास कोणत्याही परिच्छेदाची मनाई नाही.

मार्चमध्ये सगळीकडेच मोगरा येत असल्याने भाव पडलेला असतो. फार पैसे मिळतील ही अपेक्षा ठेवू नये.

२३ मार्च २०२५, उपवासकाळाचा तिसरा रविवार

उशिराच्या झुडपांवर कळी पोखरणारी अळी आली आहे. अळी लागलेली कळी जांभळट पडते, उमलत नाही आणि वाळून गळते. उपवासकाळाचा रंगही जांभळा आहे यावरून सभेत कोणीतरी विनोद केला. तो मला फारसा आवडला नाही, कारण ईस्टरचा सारा भरवसा याच झुडपांवर होता. काकांनी निंबोळी अर्क फवारायला सांगितला आणि अळीच्या कळ्या हाताने खुडून जाळायला सांगितले. अर्क फवारून झाला, पण उशीर झाला होता. खुडलेल्या कळ्यांनी मोठी पाटी भरली. लवकरच्या झुडपांवर पहिली जांभळी कळी दिसली होती तेव्हाच सगळ्या बागेत फवारणी करायला हवी होती. फुले विकायची असल्याने ती टाळली गेली.

हे वर्ष वाचनांच्या क चक्राचे (तीन वर्षांच्या फेऱ्यातले तिसरे) आहे, आणि क चक्रात आजच्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानातील निष्फळ अंजिराचा दाखला येतो. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो, मिळत नाही, आणि झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, हे एक वर्ष राहू द्या, मी याच्याभोवती खणून खत घालतो. हा दाखला आजवर अनेकदा ऐकला होता आणि दर वेळी लक्ष मालकाकडे किंवा झाडाकडे जाई. हातांना शेणखताचा वास असताना तो ऐकला की लक्ष माळ्याकडे जाते. झाड नक्की फळेल असे वचन तो देत नाही. पुढे काय झाले तेही लूक सांगत नाही. माळ्याला एका वर्षाची मुदत मिळते आणि त्या वर्षात करायचे काम अगदी ठरावीक असते : खणणे आणि खत घालणे. प्रायश्चित्त संस्काराला जाताना माझी अडचण नेहमी हीच असते की मागच्या वेळचीच पापे पुन्हा सांगायची लाज वाटते. पुन्हा एकदा मुदत मागणे हा श्रद्धेचा कमकुवतपणा आहे असे तेव्हा वाटते. या माळ्याने मागणी करताना झाडाच्या मागील तीन वर्षांबद्दल एकही सबब दिलेली नाही, हे आज प्रथमच ध्यानात आले.

संध्याकाळी उशिराच्या झुडपांभोवती पुन्हा आळी खणली.

३० मार्च २०२५, उपवासकाळाचा चौथा रविवार

आज फुलांना परवानगी, वस्त्रे गुलाबी, शुभवर्तमान उधळ्या पुत्राचे. लवकरच्या मोगऱ्याचा बहर ओसरत आला असला तरी आजच्यापुरता होता. १९ मार्चला संत योसेफाचा आणि २५ मार्चला देवदूताच्या संदेशाचा महोत्सव झाला, त्या दोन्ही दिवशीही याच झुडपांनी साथ दिली. ज्या झुडपांना आम्ही 'चुकीच्या वेळेची' म्हणत होतो त्यांनी उपवासकाळातले परवानगीचे सर्व दिवस भागवले. पुढच्या वर्षी त्यांची छाटणी बदलायची नाही.

१७ ते २० एप्रिल २०२५, पवित्र गुरुवार ते ईस्टर

या चार दिवसांत सजावटीचे काम वर्षातील इतर सर्व दिवसांच्या बेरजेइतके असते, म्हणून सविस्तर लिहितो.

गुरुवारी संध्याकाळच्या मिस्साला फुले चालतात, पण बेताची. अनेक धर्मग्रामांत गुरुवारी रात्री पवित्र संस्कार (ख्रिस्तप्रसाद) ठेवण्याच्या वेदीवर सर्वोत्तम फुले ओतली जातात आणि शनिवारसाठी काही उरत नाही. आमच्याकडेही दरवर्षी हेच होई. या वर्षी त्या वेदीला फक्त हिरवी पाने, सोनचाफ्याची थोडी फुले आणि मेणबत्त्या दिल्या. दोन कुटुंबांनी नाराजी व्यक्त केली. रात्री मिस्सानंतर मुख्य वेदीवरील सर्व काही, वस्त्रासह, काढले. शुक्रवारी वेदीवर क्रूस नाही, मेणबत्ती नाही, वस्त्र नाही. सजावटीच्या माणसाला त्या दिवशी करण्यासारखे काहीच नसते आणि तो रिकामेपणा अंगावर येतो.

शनिवारी पहाटे मोगरा तोडला. मोगऱ्याची कळी पहाटे बंद असताना तोडायची असते. ओल्या मलमलमध्ये सैल गुंडाळून वेताच्या टोपलीत सावलीत ठेवली की ती दिवेलागणीनंतर आपोआप उमलते. शीतकपाटात ठेवू नये, ती गारठून तशीच राहते. ईस्टरचा जागरणविधी रात्र पडल्यावरच सुरू होतो, त्यामुळे यासाठी मोगऱ्याइतके योग्य फूल दुसरे नाही. प्रश्न संख्येचा होता. अळीने केलेले नुकसान आणि छाटणीचा चुकलेला अंदाज यांमुळे अपेक्षेच्या पाव हिश्श्यापेक्षा थोड्याच अधिक कळ्या मिळाल्या. झाडांवर बारीक हिरव्या कळ्यांचे घोस लगडलेले होते, पण ते पक्व व्हायला आठवडा तरी लागणार होता. बाजारातून निशिगंध आणि पांढरी शेवंती आणावी लागली, खर्च दोन हजार दोनशे.

मिळालेला मोगरा पास्काच्या (ईस्टरच्या) मेणबत्तीच्या घडवंचीला आणि बाप्तिस्मा कुंडाला गुंफला. मेणबत्तीवर मात्र हार घालू नये : फुलांच्या ओलाव्याने तिच्यावरील लाल मेणाचे धूपकण सुटतात आणि कोरलेले वर्षाचे आकडे झाकले जातात. विधी सुरू होताना चर्चमधील सर्व दिवे बंद असतात. बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून मेणबत्ती पेटली, मिरवणूक दारातून आत आली, आणि फुले कोणाला दिसण्यापूर्वी त्यांचा वास मागच्या बाकांपर्यंत पोहोचला होता.

२७ एप्रिल २०२५, ईस्टरचा दुसरा रविवार

मागील सोमवारी दुपारी पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची बातमी आली. दुःखाचे घर असताना वेदीवर एवढी फुले कशी, ती काढावीत, असे काहींनी सुचवले. ईस्टरचा अष्टाह (ईस्टरपासूनचे आठ दिवस) चालू होता, ज्यात प्रत्येक दिवस ईस्टर म्हणूनच साजरा होतो. फुले काढली नाहीत. शनिवारी रोममधील अंत्यविधी अनेकांनी टीव्हीवर पाहिला.

उशिराचा मोगरा या आठवड्यात फुलला. जवळजवळ सगळा एकदम. ज्या ईस्टरसाठी एवढा खटाटोप केला तो होऊन आठवडा लोटला होता, आणि आमच्या काही मंडळींनी प्रयोग फसला असा शेरा मारला. हिशेबाने तो फसलाच आहे. पण ईस्टरकाळ पन्नास दिवसांचा असतो, उपवासकाळाच्या चाळीसांहून मोठा, आणि आमच्याकडे दुसऱ्या रविवारी वेदीवर शनिवारच्या सुकलेल्या निशिगंधाशिवाय काही नसे, तिसऱ्याला तेही नसे. उपवास आम्ही चाळीस दिवस करतो आणि आनंद एका दुपारच्या जेवणात उरकतो. या वर्षी दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या रविवारी ताजा मोगरा होता. तो आमच्या नियोजनाने आला असे मात्र कोणी लिहू नये.

४ मे २०२५

पुन्हा रात्रभर रिकामी जाळी, पण या वेळी योहानाच्या शुभवर्तमानातून, पुनरुत्थानानंतर. नाकारणाऱ्या पेत्राला येशू तीनदा एकच प्रश्न विचारतो आणि त्याच्या हातात मेंढरे सोपवतो. किनाऱ्यावर मासे आधीच भाजले जात असतात. येशू तरीही नुकत्याच धरलेल्यांतले थोडे आणायला सांगतो.

पेंटेकॉस्टसाठी (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण) लाल झिनिया लावला होता, तो कळीला आला आहे.

२८ मे २०२५, बुधवार

झिनिया संपला. मान्सून परवा, २६ मे रोजी, मुंबईत दाखल झाला, नेहमीपेक्षा सुमारे दोन आठवडे आधी. इतक्या लवकर तो येथे आल्याची नोंद नाही. दोन दिवसांच्या पावसात झिनियाचे वाफे आडवे झाले आणि देठ कुजले. यावर काही उपाय होता असे वाटत नाही. बी आणि मजुरीचे नऊशे रुपये गेले.

८ जून २०२५, पेंटेकॉस्ट

लाल क्रोटनची पाने आणि भिजलेली जास्वंद. जेमतेम.

९ जून २०२५

सामान्यकाळ, म्हणजे मोठ्या सणांच्या काळांबाहेरचे आठवडे, पुन्हा सुरू. मार्चमध्ये तो आठव्या आठवड्यात थांबला होता आणि आज दहाव्यापासून सुरू झाला. तारखांची सांगड घालताना नववा आठवडा यंदा गळला. मंडळाच्या फलकावर 'नववा आठवडा' लिहिलेला होता तो खोडला.

२७ जुलै २०२५

लिहिण्यासारखे फार नाही. हिरवी वस्त्रे, हिरवी बाग, गवत काढणे. अनंत फुलून गेला. कुंपणालगत ओल धरून राहते तेथे काकांनी दिलेले सोनटक्क्याचे कंद लावले होते, ते वाढत आहेत. फुले नसलेल्या या महिन्यांत मंडळाच्या सभेला कोणी येत नाही, आणि मोगऱ्याची मुळे याच महिन्यांत पसरतात.

२१ ऑगस्ट २०२५, गुरुवार

सोमवारपासूनच्या अतिवृष्टीत वसई-विरारचा बराच भाग पाण्याखाली होता. बागेत गुडघाभर पाणी दोन दिवस साचले. मृतविश्वासूंच्या दिवसासाठी महिन्याच्या सुरुवातीस टाकलेला झेंडू वाहून गेला. मोगऱ्याची चार झुडपे मुळे कुजून जातील असे दिसते. दफनभूमीच्या बाजूची भिंत उतार अडवते, हे ध्यानात घेऊन पाण्याला वाट ठेवायला हवी होती. आता चर खणला. झेंडूचे बी पुन्हा टाकले, या वेळी ट्रेमध्ये, चर्चच्या ओसरीवर. सोनटक्का मात्र चिखलात निवांत उभा आहे आणि फुलला आहे.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

मृतविश्वासूंचा दिवस यंदा रविवारी आला आणि रविवारची जागा त्याने घेतली. ओसरीवरच्या रोपांचे शेंडे या वेळी खुडले नाहीत. झुडपे काटकुळी राहिली पण सुमारे निम्मी फुलली. गेल्या डिसेंबरचा धडा तेवढा उपयोगी पडला. ऑक्टोबरअखेरच्या अवेळी पावसाने काही फुले काळी पडली. जी होती ती, ज्यांच्या थडग्यावर यायला आता कोणी उरलेले नाही अशांच्या थडग्यांवर वाहिली. बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे विकत आणली.

२३ नोव्हेंबर २०२५, ख्रिस्तराजाचा सण

पोप पायस अकरावे यांनी हा सण सुरू केला त्याला यंदा शंभर वर्षे झाली. मुळात तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असे. १९६९च्या सुधारणेनंतर तो उपासना वर्षाच्या अखेरीस आला. तारीख पूर्वीचीच असती तर आमच्याकडे आज भरगच्च असलेला झेंडू पुन्हा एकदा उशिराचा ठरला असता.

हिशेब : मंजूर पंधरा हजारांपैकी चौदा हजार दोनशे बागेवर खर्च झाले. नाताळ, ईस्टर आणि चर्चचा सण मिळून विकतच्या फुलांवर आठ हजार शंभर. एकूण बावीस हजार तीनशे, म्हणजे पहिल्या वर्षी वाचले काहीच नाही. नळी, कुंड्या आणि ट्रे पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावे लागणार नाहीत, एवढाच दिलासा. मोगऱ्याच्या विक्रीतून मिळालेले तीन हजार चारशे रुपये दानपेटीत गेले असल्याने या हिशेबात धरलेले नाहीत, आणि ते धरावेत ही खजिनदारांची सूचना सभेने फेटाळली.

पुढील वर्षी राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला आहे, यंदापेक्षा पंधरा दिवस आधी. यंदा उशिराचा बहर ईस्टरनंतर आठवड्याने आला, म्हणून उशिराच्या झुडपांची छाटणी १९ जानेवारीऐवजी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करायची, आणि निंबोळी अर्क पहिली कळी दिसण्यापूर्वीच फवारायचा. लवकरच्या झुडपांची छाटणी पुढच्या रविवारी, आगमनकाळाच्या पहिल्या दिवशी, दुसऱ्या मिस्सानंतर. येणाऱ्यांनी हातमोजे आणि कात्री घरून आणावी.